पहिला नंबर कोणाचा?

भाऊबीजेला बहीण माहेरी आली, की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक ओवाळणी आणि दुसरा वाद. वादाचा विषय दरसाल निराळा असतो. कधी क्रिकेट, कधी नाटके, कधी एखादा पुढारी. गेल्या दिवाळीत मात्र विषय निघाला तो मुष्टियुद्धाचा. आमच्या सबंध कुळात कोणी कोणाला गुद्दा मारल्याची नोंद नाही. पण म्हणून वादाच्या रंगात काही कमी पडले असे नाही.

सुरुवात भाच्याने केली. हातातला मोबाइल माझ्यासमोर धरून तो म्हणाला, "मामा, हे बघा. फ्लॉइड मेवेदर. पन्नास लढती, पन्नास विजय. एकदाही हार नाही. जगातला सर्वांत मोठा बॉक्सर कोण, हा प्रश्नच आता उरला नाही!"

कोपऱ्यात चिवड्यातले शेंगदाणे वेचीत बसलेले आमचे नाना एकदम ताठ झाले. "अरे, अली कुठे आणि तुझा हा कुठे! किन्शासाची बातमी मी वाचनालयात उभ्याने वाचली आहे. फोरमनला त्याने आठव्या फेरीत झोपवला. तो दिवस मला आजही आठवतो."

"पण आजोबा, तुमचा अली पाच वेळा हरला आहे. हा एकदाही नाही."

"मग काय झाले? हरला म्हणून लहान झाला?"

आवाज चढू लागले तशी बहीण आतून ओरडली, "दादा, तू मास्तर ना? मग देऊन टाक एकदाचे मार्क आणि मिटव!"

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण मार्क देण्याचा उद्योग मी वीस-बावीस वर्षे करीत आलो आहे, आणि त्या उद्योगातली एक गोष्ट मला ठाऊक आहे. उत्तरपत्रिका तपासणे सोपे असते. पण कोणत्या प्रश्नाला किती गुण ठेवावयाचे, हे आधी ठरवणे फार कठीण. त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. पुढे काही महिने जमेल तसे वाचीत गेलो, आणि जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे. मुष्टियुद्धाची गोडी नसलेल्या वाचकांनीही कंटाळू नये. माणसाची थोरवी कशाने मोजावी, हा प्रश्न काही एकट्या मुष्टियोद्ध्यांचा नाही.

सर्वांत सोपी रीत म्हणजे भाच्याची. विजय मोजावे, पराभव वजा करावे. या रीतीने पाहिले तर मेवेदरच्याही आधी एक नाव घ्यावे लागेल, ते रॉकी मार्सियानो याचे. हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनाच्या गटातला हा अमेरिकन जगज्जेता. १९५६ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यावर ४९ लढती आणि ४९ विजय होते; त्यांतले ४३ विजय प्रतिस्पर्ध्याला लढण्यास असमर्थ करून मिळवलेले. साठ वर्षे हा आकडा एखाद्या शिलालेखासारखा उभा होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मेवेदरने पन्नासावा विजय मिळवून तो ओलांडला.

आता जरा आकड्याच्या आत डोकावून पाहू. मेवेदरने ऑस्कर डी ला होया, कॅनेलो अल्वारेझ, मॅनी पॅकियाव असे नामांकित योद्धे हरवले आहेत, हे कोणी नाकारू नये. पण ज्या पन्नासाव्या विजयाने त्याने मार्सियानोला मागे टाकले, तो कोणाविरुद्ध? कॉनर मॅकग्रेगर नावाच्या मल्लाविरुद्ध. दुसऱ्या प्रकारच्या झुंजींत त्याने नाव कमावले होते खरे. पण धंदेवाईक मुष्टियुद्धाची ती त्याची पहिलीच लढत होती! आमच्या भाषेत सांगावयाचे, तर बोर्डाच्या परीक्षेच्या बेरजेत शेवटचा पेपर बालवर्गाचा मिळवला गेला.

मार्सियानोचेही असेच पाहावे लागते. १९५१ च्या ऑक्टोबरात त्याने जो लुईला आठव्या फेरीत पाडले. केवढे मोठे नाव! पण त्या वेळी लुई ३७ वर्षांचा होता आणि त्याचे हात केवळ सवयीने हलत होते. पुढच्या वर्षी ज्या जर्सी जो वॉलकॉटला हरवून मार्सियानो जगज्जेता झाला, तोही ३८ वर्षांचा. यात मार्सियानोचा दोष नाही. जो समोर उभा होता त्याच्याशी तो लढला, आणि वॉलकॉटशी झालेल्या त्या लढतीत गुणांवर मागे असताना तेराव्या फेरीत एकाच ठोशाने त्याने पारडे फिरवले. पण ४९ हा आकडा यातले काहीच सांगत नाही.

याउलट शुगर रे रॉबिन्सन पाहा. याचे पराभव १९. भाच्याच्या रीतीने हा नापासच! पण वयाची तिशी गाठेपर्यंत शंभरावर लढतींत तो फक्त एकदा हरला होता, जेक लामोटाकडून. आणि त्याच लामोटाला त्याने एकूण सहा लढतींपैकी पाच वेळा हरवले. १९५२ च्या डिसेंबरात त्याने मुष्टियुद्ध सोडून नाचगाण्याच्या रंगमंचावर पाऊल टाकले, तेव्हा त्याच्या खात्यावर अवघे तीन पराभव होते. तिथेच तो थांबला असता तर आज त्याच्यापुढे कोणी बोटही दाखवले नसते. पण तो परत आला आणि १९६५ पर्यंत, म्हणजे वयाच्या ४४ व्या वर्षापर्यंत, लढत राहिला. त्याच्या पराभवांतले निम्म्याहून अधिक या शेवटच्या सहा वर्षांतले आहेत. म्हाताऱ्या रॉबिन्सनचे पराभव तरुण रॉबिन्सनच्या खात्यातून वजा करावे काय? एखाद्या गवयाचा आवाज साठाव्या वर्षी बसला, म्हणून त्याच्या तिशीतल्या मैफली बेसूर होत नाहीत.

शिवाय हे आकडे तरी कितपत पक्के आहेत? न्यूयॉर्क राज्यात १९११ ते १९१७ या काळात असा कायदा होता, की लढतीअखेर दोघेही उभे असले तर निकाल द्यावयाचाच नाही. जुगाराला आळा बसावा हा हेतू. पण लोक जुगाराशिवाय राहतात थोडेच? रिंगणाजवळ बसलेले बातमीदार दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आपापला निकाल छापीत, आणि त्यावर पैशांची देवघेव होई. दोन वर्तमानपत्रांनी दोन निरनिराळे विजेते ठरवल्याचेही प्रसंग घडत. हॅरी ग्रेब हा त्या काळचा विलक्षण योद्धा. सुमारे ३०० लढती लढला आणि त्यांतल्या कित्येकांचा निकाल असा वर्तमानपत्री आहे. १९२२ साली त्याने जीन टनीला हरवले. टनीच्या साऱ्या कारकिर्दीतला तो एकमेव पराभव. ग्रेबची एक दृष्टी त्या सुमारास गेलेली होती, हे पुढे कळले. १९२६ साली तो वारला, आणि त्याच्या एकाही लढतीचे चित्रण आज उपलब्ध नाही. आता द्या त्याला मार्क!

आकड्यांनी भागत नाही म्हटल्यावर माणसाने दुसरी रीत काढली: कल्पनेतली झुंज. अमका तमक्याशी लढला असता तर? ही रीत चहाच्या दुकानात फार चालते. परंतु १९६७ साली अमेरिकेत मरे वोरोनर नावाच्या आकाशवाणीच्या निर्मात्याने तिला शास्त्राचा अंगरखा चढवला. त्याने निरनिराळ्या काळांतले १६ हेवीवेट योद्धे निवडले, जाणकारांकडून त्यांच्या चपळाईला, ठोशाला, सोसण्याच्या ताकदीला गुण देववले आणि ते सारे एका संगणकात भरले. यंत्राने लढतींचे निकाल सांगितले, आणि लोकांनी त्या लढती खऱ्याच असाव्यात तशा रेडिओवर ऐकल्या. अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवले. महंमद अलीला तर यंत्राने आधीच्या एका फेरीत जिम जेफ्रीजकडून पराभूत केले होते.

अली भडकला. त्याने दहा लाख डॉलरांची अब्रूनुकसानीची फिर्याद ठोकली. तडजोड अशी झाली की मार्सियानो आणि अली या दोघांनीही कॅमेऱ्यापुढे खोटी लढत करावी आणि निकाल पुन्हा यंत्राने द्यावा. १९६९ साली मायामीत हे चित्रण झाले. मार्सियानो पंचेचाळिशीचा, त्याने वजन उतरवले आणि टकलावर टोप चढवला. अली तर त्या वेळी लढण्याची बंदी भोगीत होता. दोघांनी लुटुपुटीचे ठोसे मारले आणि शेवट मात्र अनेक तऱ्हांचे चित्रित करून ठेवले. चित्रण संपल्यावर थोड्याच आठवड्यांत, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, मार्सियानो विमान-अपघातात मरण पावला. जानेवारी १९७० मध्ये चित्रपट दाखवला गेला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिले, की तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला पाडले. पण युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला होता!

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. यंत्राने खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. त्याच्या पोटात माणसांनी जे मत भरले, तेच त्याने बाहेर काढले. आणि ज्या गावात जे मत खपेल ते दाखवले गेले. कल्पनेतल्या झुंजीत नेहमी आपल्याच आवडीचा माणूस जिंकतो.

तिसरी रीत वडीलधाऱ्यांच्या स्मृतीची, म्हणजे आमच्या नानांची. या रीतीचे सर्वांत थोर प्रतिनिधी नॅट फ्लायशर. १९२२ साली 'द रिंग' हे मासिक सुरू करणारे आणि पन्नास वर्षे ते चालवणारे हे गृहस्थ. त्यांच्याइतक्या लढती डोळ्यांनी पाहिलेली माणसे थोडी. १९५८ साली त्यांनी हेवीवेटमधल्या दहा श्रेष्ठांची यादी दिली. पहिला जॅक जॉन्सन, दुसरा जेफ्रीज, तिसरा फिट्झसिमन्स, चौथा डेम्प्सी, पाचवा कॉर्बेट. म्हणजे पहिले पाचही जण त्यांच्या बाळपणातले आणि तरुणपणातले! बारा वर्षे जगज्जेता राहिलेला जो लुई सहावा आणि मार्सियानो दहावा. फ्लायशर १९७२ साली वारले; अलीला त्यांनी त्या यादीत अखेरपर्यंत जागा दिली नाही.

त्याच मासिकाने २००२ साली मागील ८० वर्षांतल्या योद्ध्यांची नवी यादी केली. वजनाचा भेद बाजूस ठेवून ती केलेली होती. पहिला रॉबिन्सन, दुसरा हेन्री आर्मस्ट्राँग, तिसरा अली, चौथा जो लुई, पाचवा रोबेर्तो दुरान. मासिक एकच, पण पिढी बदलली आणि यादीही बदलली. आपल्या विशीत ज्याला पाहून अंगावर रोमांच उभे राहिले, तो माणूस जन्मभर आपल्या मनात पहिला असतो. नाना त्याला अपवाद नाहीत, मीही नाही. पण रोमांच म्हणजे इतिहास नव्हे.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. या तिन्ही रीतींत एक समान उणीव आहे. झालेल्या लढती त्या मोजतात, किंवा न झालेल्या लढती कल्पितात. पण ती लढत का झाली नाही आणि ती कोणी होऊ दिली नाही, हे कोणीच विचारीत नाही.

१८८२ साली जॉन एल. सलिव्हन अमेरिकेत जगज्जेता म्हणून मिरवू लागला. बोस्टनचा हा बलदंड गडी. आपण वाटेल त्याच्याशी लढू असे तो म्हणे, पण निग्रो योद्ध्याशी लढणार नाही असेही बजावी. त्याच काळात पीटर जॅक्सन नावाचा एक काळा योद्धा होता. वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत तो जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला, आणि निकाल लागेना म्हणून लढत थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी, १८९२ साली, त्या कॉर्बेटने सलिव्हनला २१ व्या फेरीत लोळवले आणि तो जगज्जेता झाला. ज्याच्याशी कॉर्बेटचा ६१ फेऱ्यांत निकाल लागला नाही, त्या जॅक्सनला मात्र जगज्जेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. १९०१ साली ऑस्ट्रेलियात क्षयाने त्याचा अंत झाला.

ही भिंत प्रथम फोडली ती टेक्सासच्या जॅक जॉन्सनने. टॉमी बर्न्सच्या मागे तो देशोदेशी फिरला आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत त्याला गाठून त्याने पद जिंकले. चौदाव्या फेरीत पोलिसांनीच लढत थांबवली. गोऱ्या अमेरिकेला हे सोसवले नाही. निवृत्त झालेल्या जेफ्रीजला शेतावरून ओढून आणले. ४ जुलै १९१० रोजी रीनो गावी जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत हरवले, आणि त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली होऊन माणसे मेली. पुढे जॉन्सनवर खटला भरला गेला, १९१३ साली शिक्षा झाली, तो देश सोडून गेला आणि १९१५ साली हवानामध्ये जेस विलर्डकडून हरला. त्या शिक्षेची माफी त्याला २०१८ साली मिळाली, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी.

इथपर्यंतची कथा पुष्कळांना माहीत असते. पण तिच्या मागे दडलेली दुसरी कथा थोड्यांना ठाऊक असते, आणि ती मला अधिक बोचते. तिचा नायक सॅम लँगफर्ड.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात जन्मलेला लँगफर्ड उंचीला जेमतेम साडेपाच फुटांवर. विशीत असतानाच त्याने हलक्या गटाचा जगज्जेता जो गॅन्स याला हरवले; ती लढत पदासाठी नव्हती. पुढच्या वर्षी त्याच्याहून वरच्या वेल्टर गटाच्या जगज्जेत्याशी तो बरोबरीत सुटला. असे करीत करीत तो हेवीवेटपर्यंत चढला. १९०६ साली त्याची गाठ जॉन्सनशी पडली. जॉन्सन तीसेक रत्तलांनी जड. त्याने पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर लँगफर्डला हरवले. पण लँगफर्ड अजून पुरता भरला नव्हता. तो भरला आणि जॉन्सन जगज्जेता झाला, तेव्हा लँगफर्डने आव्हानामागून आव्हाने दिली. जॉन्सनने त्याला जगज्जेतेपदाची लढत दिली नाही ती नाहीच. काळ्या माणसाविरुद्ध जॉन्सनने आपले पद फक्त एकदा पणाला लावले, १९१३ साली पॅरिसमध्ये, आणि तेही लँगफर्डपुढे नव्हे. ज्या दारावर डोके आपटून तो स्वतः आत शिरला, ते दार त्याने आतून लावून घेतले! दोन काळ्यांच्या लढतीला पैसे मिळत नाहीत, हे कारण सांगितले जाई. ते खरेही असेल. पण मला वाटते, की तेवढेच ते खरे नव्हते.

मग हे बाहेर राहिलेले योद्धे काय करीत? ते आपसांतच पुन्हा पुन्हा लढत. लँगफर्ड, जो जीनेट, सॅम मॅकव्हे, हॅरी विल्स ही चार नावे त्या काळच्या नोंदींत एकमेकांसमोर इतक्यांदा येतात की मोजदाद करताना थकावे. लँगफर्ड आणि विल्स तर डझनाहून अधिक वेळा लढले. १९०९ साली पॅरिसमध्ये जीनेट आणि मॅकव्हे ४९ फेऱ्या लढले. जीनेट कितीदा तरी खाली पडला आणि उठला. शेवटी मॅकव्हेलाच पुढे लढवेना. जगज्जेतेपद पणाला नव्हते, पोटाची खळगी होती.

हॅरी विल्सचे तर जगज्जेत्या डेम्प्सीशी लढतीचे करारही झाले. पण लढत झाली नाही. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी डेम्प्सीने आधी विल्सशी लढावे असा आग्रह धरला, तेव्हा डेम्प्सी-टनी लढत फिलाडेल्फियाला हलवण्यात आली. १९१५ ते १९३७ या २२ वर्षांत एकाही काळ्या माणसाला हेवीवेटच्या पदासाठी लढू दिले गेले नाही. मधल्या गटांतही हीच तऱ्हा. चार्ली बर्लीने १९४४ साली आर्ची मूरला हरवले. मूर पुढे जगज्जेता झाला. पण बर्लीला पदाची लढत कधीच मिळाली नाही. त्याने पिट्सबर्ग शहराचा कचरा उचलण्याची नोकरी केली.

हे वाचताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा वारंवार आठवत होता. गणितात इतका तल्लख की मी फळ्यावर उदाहरण पुरते लिहीपर्यंत याचे उत्तर तयार. सहामाहीनंतर तो आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला तो परत आला नाही. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, पहिला आलेला मुलगा पेढे घेऊन माझ्या घरी आला. मी पेढा खाल्ला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो खरोखरच हुशार होता. त्याची त्यात काय चूक? पण निकालपत्रकावर सही करताना मला ठाऊक होते, की हा पहिला नंबर पटावरच्या मुलांतला आहे, गावातल्या मुलांतला नव्हे.

मग इतिहासाच्या निकालपत्रकात काय करावे? बाहेर राहिलेल्यांना दयेचे मार्क द्यावेत काय? माझे मत, मुळीच देऊ नयेत. दयेचे मार्क देणे हा त्यांचा दुसरा अपमान होईल. माझे म्हणणे निराळे आहे. बंद दाराची नोंद बाहेर उभ्या राहिलेल्याच्या खात्यावर न करता, दार लावणाऱ्याच्या खात्यावर करावी. जगज्जेता म्हणजे सर्वांना उत्तर देण्याचे पत्करलेला माणूस. त्याने एखादा प्रश्न सोडून दिला, तर त्याचे गुण कापलेच पाहिजेत. सलिव्हनचे जॅक्सनसाठी कापा, डेम्प्सीचे विल्ससाठी कापा, आणि जॉन्सन आपल्याला कितीही प्रिय असला तरी त्याचेही लँगफर्डसाठी कापा. डेम्प्सीच्या बाबतीत पैसा लावणारे आणि राजकारणी यांचाही हात होता, हे मान्य. म्हणून फार तर थोडे कमी कापा. पण कापा.

हे एकदा ठरले की बाकीची प्रश्नपत्रिका आखता येते. पहिला प्रश्न: तो कोणाशी लढला, आणि समोरचा त्या वेळी भरात होता की उतरणीला लागला होता? दुसरा: हरल्यावर त्याने काय केले? तिसरा: आपल्याहून जड माणसापुढे तो उभा राहिला काय? चौथा: पद मिळाल्यावर त्याने कोणाला टाळले?

या प्रश्नपत्रिकेवर जो लुई उत्तम उतरतो. १९३७ ते १९४८ या काळात त्याने आपले पद २५ वेळा राखले. १९३६ साली मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत पाडले होते. दोन वर्षांनी लुईने त्याच श्मेलिंगला पहिल्याच फेरीत १२४ सेकंदांत संपवले. त्याच्या काही प्रतिस्पर्ध्यांची थट्टा झाली, पण त्याने कोणाला दाराबाहेर उभे ठेवले असे म्हणता येत नाही. हेन्री आर्मस्ट्राँगचे तर नवलच. तेव्हा मुष्टियुद्धात सारे आठच वजनगट होते आणि प्रत्येकात बहुधा एकच जगज्जेता. १९३८ साली आर्मस्ट्राँग त्यांतल्या तीन गटांचा एकाच वेळी जगज्जेता होता. आज गट सतरा-अठरा झाले आहेत आणि पदे वाटणाऱ्या मोठ्या संस्था चार. तेव्हाचे एक पद आणि आताचे एक पद एकाच तराजूत घालणे म्हणजे जुना रुपया आणि आजचा रुपया सारखा मानणे होय.

नानांचा अली हेवीवेटमध्ये माझ्याही यादीत पहिला. कारण त्याने लिस्टन, फ्रेझर, फोरमन असे भरातले दैत्य अंगावर घेतले. आणि १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धात जाण्याचे नाकारून आपल्या पंचविशीपासूनची साडेतीन वर्षे गमावली. इतरांसाठी दार दुसऱ्यांनी लावले. याच्यासाठी ते सरकारने लावले, पण कशासाठी, हे त्याने स्वतः निवडले होते. परतल्यावर फ्रेझरकडून हरला, आणि पुढे त्यालाच दोनदा हरवले. अलीचे पाच पराभव मी वजा करीत नाही. त्यांतले शेवटचे दोन तर थकलेल्या, आजारी पडत चाललेल्या माणसाचे आहेत.

आणि सगळे वजनगट मिळून? इंग्रजीत ज्याला रत्तलास रत्तल तोलणे म्हणतात, त्या तराजूत मी रॉबिन्सनला पहिला मानतो. १० जुलै १९५१ रोजी लंडनला रँडॉल्फ टर्पिनने त्याला हरवले; ६४ दिवसांनी न्यूयॉर्कला, डोळ्यावरची जखम वाहत असताना, त्याने टर्पिनकडून पद परत घेतले. पुढच्या वर्षी आपल्याहून वरच्या गटाच्या जोई मॅक्सिमशी तो भर उन्हाळ्यात लढला. उकाडा असा की पंचच कोसळला आणि दुसरा पंच आणावा लागला. गुणांवर पुढे असलेला रॉबिन्सन चौदाव्या फेरीसाठी खुर्चीतून उठू शकला नाही. तो पराभव माझ्या मते कित्येकांच्या विजयांहून मोठा आहे.

लँगफर्ड कुठे? दयेचा एकही मार्क न देता, केवळ त्याने जे केले त्यावर, पहिल्या पाचांत. हलक्या गटापासून हेवीवेटपर्यंत त्याने हरवलेली माणसे मोजली, तर यात अतिशयोक्ती नाही हे कळेल.

१९४४ साली न्यूयॉर्कचा एक पत्रकार, अल लेनी, लँगफर्डचे काय झाले याचा शोध घेऊ लागला. तो केव्हाच वारला असे पुष्कळांनी त्याला सांगितले. अखेर हार्लेममधल्या एका अंधाऱ्या खोलीत लँगफर्ड सापडला. पुरता आंधळा, जवळ चार पैसे, पण तक्रार नाही. जुन्या लढतींच्या गोष्टी सांगून हसणारा. तो लेख छापून आल्यावर लोकांनी वर्गणी जमवली आणि त्याच्या उरलेल्या दिवसांची सोय झाली. १९५६ साली तो वारला. आदल्याच वर्षी त्याचे नाव कीर्तिमंडपात घेतले गेले होते. जगज्जेता न होता त्यात गेलेली माणसे मोजकीच.

यंदा भाऊबीजेला भाचा आला की मी त्याला हेच सांगणार आहे. तो मोबाइल काढील आणि म्हणेल, "पण मामा, यात लँगफर्डच्या नावापुढे एकही पद नाही." त्यावर मी त्याला लँगफर्डच्या लढतींची यादी मोठ्याने वाचावयास लावणार. फराळाचे ताट समोर असेल, घाई कसली आहे? नाना मात्र अलीवरून ढळणार नाहीत, आणि त्यांना ढळवण्याची माझीही इच्छा नाही.